शकूमावशीची तपासणी

"दाढ कधी काढलीत?" मी विचारलं.

"गणपतीत," अभिनंदन मगदूम म्हणाला. "का हो?"

"त्यावर गोळ्या दिल्या असतील."

"दिल्या की. अँटिबायोटिक होतं. सगळा कोर्स पुरा केला मी, एक गोळी चुकवली नाही."

"मग तुमचं चालणार नाही."

खुर्चीच्या कडेवर बसलेला तो माणूस मागं टेकला. चांगला उंचापुरा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं मोठं दुकान चालवणारा. पण त्या क्षणी त्याचा चेहरा संघातून नाव कापलेल्या शाळकरी मुलासारखा झाला.

"डॉक्टर, दिवाळीसुद्धा झाली आता. दोन महिने उलटले. थोडं इकडंतिकडं नाही का चालत?"

"तीन महिने पाहिजेत. त्या गोळ्यांनी तुमच्या पोटातले चांगले जंतूही मेले असणार. आईंना द्यायचं ते धडधाकट माणसाचं द्यायला हवं."

"मग माझ्या बायकोचं, स्मिताचं घ्या."

"त्यांना संधिवाताची औषधं चालू आहेत. त्याही नियमात बसत नाहीत."

तो एकदम हसला. "म्हणजे बघा, आईला द्यायला आमच्या घरात तेवढंही नाही." आणि हसता हसता त्यानं खिशातून रुमाल काढला.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं होतील. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी नुकतीच फिजिशियन म्हणून लागले होते. अभिनंदनची आई पद्मावती मगदूम, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. मग लघवीचा संसर्ग झाला, ताप चढला, जोरदार अँटिबायोटिक द्यावी लागली. तापही उतरला. आणि घरी सोडायच्या बेतात असतानाच त्यांना जुलाब सुरू झाले.

हॉस्पिटलात होणारा आतड्याचा एक संसर्ग आहे. अँटिबायोटिकनं पोटातले नेहमीचे जंतू नाहीसे झाले की मोकळ्या जागेत तो जंतू पसरतो. तपासणीत तोच निघाला. त्यावर काय करायचं हे नेमकं लिहून ठेवलेलं आहे, आणि त्यातली पहिलीच पायरी आम्हांला सगळ्यांत जड गेली होती. आधीची अँटिबायोटिक थांबवायची.

"औषध बंद करताय?" तेव्हा अभिनंदननं विचारलं होतं. आवाज पार खाली गेला होता. "म्हणजे आता काही... उपयोग नाही?"

"उपयोग आहे म्हणूनच बंद करतेय," मी म्हटलं होतं. पण औषध काढून घेणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवणं सोपं नसतं. जुलाब थांबवायची गोळीही मी देऊ दिली नव्हती, कारण जंतूंनी सोडलेलं विष आत कोंडून राहिलं असतं.

नवं औषध शिरेतून देऊन भागत नाही, आतड्यातच पोचावं लागतं. म्हणून इंजेक्शनच्या बाटलीतली पूड पाण्यात विरघळवून प्यायला द्यायची. रूथ सिस्टरनं मला दोनदा विचारून घेतलं होतं, "मॅडम, हे टोचायचं नाही? प्यायलाच?" ते इतकं कडू की अक्कांना ते लिंबाच्या सरबतातून देऊ लागलो. त्या बऱ्या झाल्या, घरी गेल्या, आणि परत आल्या. मग तेच औषध जास्त दिवस, हळूहळू कमी करत दिलं. पुन्हा घरी गेल्या. दिवाळीनंतर अभिनंदननं त्यांना गाडीतून उचलून आणलं तेव्हा अंगावर मांस असं उरलंच नव्हतं.

आमचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. जमदाडे आणि मी पुढची पायरी वाचत बसलो. निरोगी माणसाचा मल घ्यायचा, सलाईनमध्ये कालवून गाळायचा आणि दुर्बिणीतून रोग्याच्या मोठ्या आतड्यात सोडायचा. त्यातले जंतू तिथं रुजले की वाईट जंतूला जागा राहत नाही. आमच्याकडं हे कुणी केलेलं नव्हतं.

"करू या," जमदाडे सर म्हणाले. "पण देणाऱ्या माणसाच्या बाबतीत एकही सूट द्यायची नाही. त्यांची तब्येत दुसरा संसर्ग सोसणार नाही."

अक्कांना हे सांगायचं काम माझ्याकडं आलं.

त्यांची खोली वॉर्डाच्या टोकाला, एकट्यांची. दारावर पाटी होती. आत जाताना गाऊन आणि हातमोजे, बाहेर येताना साबणानं खसखसून हात धुवायचे. हाताला चोळायच्या बाटलीतल्या नेहमीच्या औषधानं हा जंतू मरत नाही. भेटायला यायला बंदी नव्हती, पण अक्का कुणाला येऊ देत नसत. जुन्या विद्यार्थिनी फुलं घेऊन यायच्या आणि जिन्यातूनच परत जायच्या.

"पाटी जंतूंसाठी आहे, अक्का," मी एकदा म्हटलं होतं. "गाऊन घालून माणसं येऊ शकतात."

"असू दे. जंतूंच्या नावावर माझंही काम होतंय."

"नात पुण्याहून निघतेय म्हणे."

"नको." त्यांनी डोळे मिटले. "आर्यानं मला अशी बघायची नाही. ह्या वासात, ह्या लंगोटात. कुणीच बघायची नाही."

आयुष्यभर खळ घातलेल्या सुती साड्या नेसून शाळेच्या फाटकात उभी राहिलेली बाई ती.

मी त्यांना उपाय समजावून सांगितला.

"दुसऱ्याचं?"

"हो."

"शी." मग थोड्या वेळानं, "अभिनंदनाचं असेल तर चालेल. त्याचं मी लहानपणी पुष्कळ काढलंय. त्यानं थोडं परत केलं म्हणून बिघडणार नाही."

आणि आता अभिनंदनची दाढ आड आली होती.

त्यानं रुमाल खिशात ठेवला. "एक मावशी आहे," तो म्हणाला. "निपाणीजवळ खेड्यात असते. दगडासारखी तब्येत आहे. पण आईचं आणि तिचं बोलणं नाही. आजी वारली तेव्हापासून."

"त्या येतील?"

"येईल का, ते विचारतो. पण आईला कळलं तर ती मरण पत्करेल, डॉक्टर."

शकूमावशी दुसऱ्याच दिवशी आल्या. एसटीनं, एक कापडी पिशवी घेऊन. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालणं झपाझप. अक्कांची बहीण आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

"त्यानं सांगितलं मला सगळं," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. "हाय ते घ्या. त्यात काय एवढं? शेतात घालतोच की."

मला हसू आवरेना. "आधी तपासणी करावी लागेल, मावशी. आणि बरंच विचारावं लागेल."

"विचारा."

काही प्रश्न असे होते की विचारताना मीच खाली बघत होते. त्यांनी सरळ उत्तरं दिली. औषधाची गोळी शेवटची कधी घेतली हे त्यांना आठवेना. सर्दी झाली तर सुंठ उगाळून घेतात. परदेश पाहिला नव्हता, दवाखान्याचा पलंगही नाही. दोन म्हशी, भाजीपाला, पहाटे उठणं. पोट कसं आहे विचारलं तर म्हणाल्या, "घड्याळ लावून घ्या."

"घरात कुणाला आतड्याचा आजार? आई कशानं गेल्या?"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"अर्धांग झालं होतं. माझ्याकडंच होती. वर्षभर अंथरुणातच. शेवटी शेवटी कशाचा ताबा राहिला नव्हता तिला. आतड्याचा आजार म्हणाल तर तो नव्हता."

"बहिणीशी बोलणं नाही म्हणाले अभिनंदन."

"अक्का तेव्हा नागपूरला होती, भावजींची नोकरी होती तिकडं, मिरजेला नंतर आली. आई फार वाईट अवस्थेत हाय, हे मी तिला कळवलंच नाही. फोन आला की 'बरी हाय' म्हणायची. मग एका सकाळी आई गेली. अक्का येईपर्यंत सगळं उरकलं होतं." मावशींनी बोटाचा पदर सोडला. "चार माणसांत म्हणाली मला, 'तू माझी आई चोरलीस.' ते तिथंच थांबलं."

"का नाही कळवलंत?"

"तपासणीत पाहिजे का हे?"

"नाही. तपासणीत नको."

"मग राहू दे." पण उठता उठता त्याच म्हणाल्या, "आईनंच शपथ घातली होती. म्हणायची, पद्मा मला केवढी मानती, तिनं मला अशी बघायची नाही. आता हे अक्काला कसं सांगू? तिला वाटेल, आईला शेवटी मीच नको होते."

मी हातातलं पेन उगाच टोपणात घातलं. हेच शब्द मी अक्कांच्या खोलीत ऐकले होते.

"माझं नाव सांगू नका तिला," मावशी म्हणाल्या. "नाव कळलं तर नको म्हणेल."

"मी नाव सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही सांगणार नाही."

रक्ताचे, मलाचे रिपोर्ट यायला काही दिवस गेले. मावशी अभिनंदनच्या घरी उतरल्या, आणि रोज सकाळी येऊन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसायच्या. तिथून अक्कांच्या खोलीचं दार दिसायचं. त्या दाराकडं मात्र कधी गेल्या नाहीत. आलेल्या-गेलेल्यांशी गप्पा मारायच्या, रूथ सिस्टरला म्हशीच्या खरवसाचं आमंत्रण देऊन झालं होतं. रिपोर्ट आले. सगळे स्वच्छ. जमदाडे सरांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, "ह्यांच्यासारखं पोट माझं असतं तर!"

प्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी मी अक्कांच्या खोलीत गेले. संमतीची सही झाली होती. आता कडू औषध थांबवायचं आणि आतडं साफ करायचं, एवढं सांगायचं होतं. रूथ सिस्टर सलाईन बदलत होती.

"कुणाचं घेताय?" अक्कांनी विचारलं.

"तपासणीत पूर्ण बसलेल्या माणसाचं."

"अभिनंदनाची दाढ मला ठाऊक आहे. संमतीच्या कागदावर मीही वाचलंय, नियम काय असतात ते. तो बसत नाही. सून बसत नाही. मग कोण?"

"त्यांनी नाव सांगू नका म्हटलंय, अक्का."

"बाई आहे?"

मी चार्टवर उद्याची वेळ लिहू लागले.

"काल डब्यातून आंबील आली होती," त्या म्हणाल्या. "नाचणीची. जिरं भाजून, हातानं चुरडून घातलेलं. आमच्या आईची आहे ती. स्मिताला येत नाही." शब्दाशब्दाला त्यांना दम लागत होता. "शकू आलीय."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं.

"तिला आत बोलवा," अक्का म्हणाल्या. "तिच्या तोंडावर सांगते, मला तुझं काही नको. तुम्ही दुसरं काय ते बघा."

दुसरं काही नव्हतं. ते त्यांनाही माहीत असावं. पण रोग्यानं नको म्हटलं की नको, हाही नियमच आहे. मी बाकापर्यंत गेले. मावशींना म्हटलं, "त्यांना कळलंय. बोलावतायत. चांगल्यासाठी नाही."

मावशी उभ्या राहिल्या. "माझं घेऊ नका म्हणाली?"

"तेच सांगायला बोलावतायत."

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि माझ्या आधीच चालायला लागल्या. दारात त्यांना गाऊन घालायला मी मदत केली. बाह्या लांब झाल्या म्हणून दुमडल्या. हातमोजे त्यांनी स्वतःच चढवले.

अक्कांनी मान भिंतीकडं वळवून घेतली होती.

"अक्का," मावशी दाराशीच थांबून म्हणाल्या.

"तिथंच थांब. पुढं येऊ नकोस. इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. मला अशी कुणी बघायची नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. तू तर नाहीच."

मावशींनी माझ्याकडं एकदा बघितलं. मी होय-नाही काहीच खुणावलं नाही. तो निर्णय माझा नव्हता.

"आईपण हेच म्हणायची," मावशी म्हणाल्या.

भिंतीकडची मान हलली नाही.

"हेच शब्द. 'पद्मानं मला अशी बघायची नाही.' तिची लुगडी घाण व्हायची ना. मी दिवसातून चार-चारदा बदलायची. तू फोन केलास की मला खुणेनं सांगायची, बरी हाय म्हण. देवासमोर हात धरून शपथ घातली तिनं मला, अक्का. मी काय करू?"

"खोटं," अक्का म्हणाल्या. पण त्यात जोर नव्हता.

"खोटं असेल तर असू दे."

अक्कांनी मान वळवली. किती वर्षांनी त्या बहिणीला बघत होत्या कुणास ठाऊक. गाऊनमध्ये बुडालेली, हातमोजे घातलेली ती ठेंगणी बाई. "मला कळवायचं नाहीस नंतर तरी?"

"तू विचारलंस कुठं? तू आलीस आणि बोललीस."

"मी म्हटलं चोरलीस."

"म्हटलंस."

"शेवटी ती... कशी होती गं?"

"लहान झाली होती. माझीच मुलगी असल्यागत. वेणी घालू द्यायची नाही. तुझं नाव काढलं की मात्र केस नीट करायला लावायची, जणू तू दारातच उभी आहेस."

अक्कांच्या तोंडून काहीतरी फुटलं. ते रडणं होतं की कण्हणं, मला ओळखता आलं नाही. आणि त्याच वेळी पोटात कळ येऊन त्यांनी चादर मुठीत धरली. वास खोलीभर पसरला. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सिस्टर," त्या घाईनं म्हणाल्या, "हिला बाहेर न्या. लौकर. डॉक्टर, हिला बाहेर—"

"सिस्टर कशाला?" मावशी पुढं झाल्या. रूथ सिस्टरच्या हातातलं पाण्याचं भांडं त्यांनी सहज काढून घेतलं. "कापड कुठाय? आणि ती दुसरी चादर द्या. अक्का, कूस बदल. माझ्याकडं नको, भिंतीकडंच बघ तू. मी मागून करते."

अक्का विरोध करतील म्हणून मी थांबले होते. त्यांनी केला नाही. त्यांनी हळूहळू कूस बदलली, आणि त्यांचा एक हात मागं येऊन मावशींच्या गाऊनच्या बाहीला चिकटून राहिला. मी पडदा ओढला आणि बाहेर आले.

बेसिनपाशी उभी राहून मी हात धुवत राहिले, लागतात त्यापेक्षा कितीतरी वेळ. पडद्याआडून पाण्याचा आवाज, मावशींचं मध्येमध्ये "झालं, झालं" ऐकू येत होतं. मग अक्कांचा आवाज आला. थकलेला, पण शाळेतलाच.

"डॉक्टर."

"बोला, अक्का."

"उद्याचं ठरलंय ते ठेवा."

मावशी बाहेर आल्या, गाऊन काढून लाल पेटीत टाकला, सिस्टरनं दाखवलं तसे कोपरापर्यंत हात धुतले. डोळे लाल होते. मला म्हणाल्या, "सकाळी किती वाजता पाहिजे तुम्हाला? माझं सहाला असतं."

दुसऱ्या दिवशी सगळं साध्या रीतीनं पार पडलं. जमदाडे सर नेहमी गप्प असत, त्या दिवशी ते दुर्बीण फिरवताना गुणगुणत होते. अक्का गुंगीत होत्या. नंतर आम्ही वाट बघत बसलो. पहिल्या दिवशी फरक वाटेना. दुसऱ्या दिवशी अभिनंदननं मला जिन्यात गाठलं तेव्हा मी घाबरले, पण तो म्हणाला, "आईला भूक लागलीय. सूर्य मावळायच्या आत काहीतरी द्या म्हणतेय." जैन घरातला तो शिरस्ता त्या आजारात त्यांनी सोडून दिला होता, भूकच नव्हती तर वेळ कसली पाळणार? त्या संध्याकाळी मऊ भात आणि मुगाची आमटी त्यांनी उजेडी खाल्ली. आठवड्याभरात जुलाब पूर्ण थांबले. बरं झाल्याची तपासणी पुन्हा करायची का, असं अभिनंदननं विचारलं. मी म्हटलं, नियमात ती करायची नसते. माणूस बरा दिसतोय तेवढं पुरे.

मावशी मात्र बाकावरून उठून खोलीत आल्या होत्या. दोघी फार बोलत नसत. एकदा मी गेले तर मावशी अक्कांचे केस विंचरत होत्या आणि अक्का त्यांना म्हणत होत्या, "भांग मध्ये पाड गं. तू नेहमी वाकडा पाडतेस." आर्या पुण्याहून आली. तिला अक्कांनी आत येऊ दिलं.

घरी सोडायच्या दिवशी मी पोर्चपर्यंत गेले. खरं तर तशी पद्धत नसते, पण गेले. अभिनंदननं आईला चाकाच्या खुर्चीतून उचलून मागच्या सीटवर बसवलं. त्यांनी खळ घातलेली पांढरी-निळी साडी नेसली होती. अंगावर ती जरा सैल होत होती. मावशी बाजूला कापडी पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"येते मी, अक्का," त्या म्हणाल्या. "सव्वाबाराची गाडी हाय. म्हशी शेजारणीकडं सोडल्यात, ती काय किती दिवस बघणार?"

"बरं," अक्का म्हणाल्या.

अभिनंदन दार लावायला गेला.

"थांब," अक्का म्हणाल्या.

त्या सीटच्या मधोमध बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही तळहात सीटवर टेकवले. शस्त्रक्रियेच्या बाजूला भार घ्यायचा नाही असं त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलेलं होतं, म्हणून त्या दुसऱ्या बाजूनं सरकू लागल्या. थोडं सरकल्या, थांबल्या, श्वास घेतला. पुन्हा सरकल्या. अभिनंदन मदतीला वाकला तर त्यांनी हातानंच त्याला नको म्हटलं. कपाळावर घाम आला होता. सगळं अंग पलीकडच्या दाराला टेकेपर्यंत त्या सरकत राहिल्या, आणि मग मोकळ्या झालेल्या जागेवरची सुरकुती त्यांनी तळव्यानं सारखी केली.

मावशींनी पिशवी आधी आत ठेवली.